पितळी वायसर

दुकानाच्या पाटीवर नुसतं ‘ब्रेकवाले’ एवढंच लिहिलेलं होतं. इंजिनाचं काम नाही, पंक्चर नाही, रंगकाम तर नाहीच नाही. गाडीचे ब्रेक लागत नसतील, किंचाळत असतील, नाहीतर बोट लावताच खाडकन पकडत असतील, तर आत या. बाकीच्यासाठी गल्लीत मिस्त्री पुष्कळ पडलेत. दोघे भाऊ दुकान चालवायचे. गिऱ्हाइकं एकाला थोरला म्हणायची, दुसऱ्याला धाकटा. थोरला जाऊन तीन वर्षं झाली, तरी धाकटा धाकटाच राहिला. एकदा चिकटलेलं नाव असं थोडंच निघतं!

थोरल्याचं सगळं काम एका वायसरवर, म्हणजे भोकाच्या चकतीवर, चालायचं. पितळेचा, रुपयाएवढा, एक कड कानशीने घासून पातळ केलेला, भोकातून दोरा ओवलेला. पायाचं पेडल दाबलं की सुरुवातीला ते किंचित रिकामं गेलं पाहिजे, मग ब्रेक लागला पाहिजे. त्या रिकाम्या जाण्याला थोरला मोकळीक म्हणायचा. पेडलचा दांडा आणि सिलिंडरचा दट्ट्या यांच्या फटीत तो वायसरची कड घालून बघे. सळसळत गेली तर ठीक. मग नट आवळायचा, नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची आणि वायसर भिंतीवरच्या खिळ्यावर अडकवायचा. खिळा रिकामा दिसला की समजायचं, मोजमाप चाललंय, मध्ये बडबड करू नका.

“मोकळीक नसेल तर तेल परत कुठून जाणार?” तो गिऱ्हाइकाला ऐकवायचा. “परतीचं भोक बंद. तेल तापणार, फुगणार, आणि तुम्ही पाय उचलला तरी ब्रेक लागलेलाच राहणार. माणसाचं तरी निराळं काय असतं? थोडी जागा सोडावी लागते राव.”

धाकट्याला हे पाठ होतं. ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते.

थोरल्याची स्वतःची गाडी तीन वर्षं दुकानाच्या मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली उभी होती. मोठी, जड, लांबच्या प्रवासाची. तिचे ब्रेक जोडलेले होते: पायाचं पेडल दाबलं की मागच्या चाकाबरोबर पुढचंही धरायचं. शिवाय एबीएस, म्हणजे चाक घसरू लागलं की ब्रेक क्षणभर सैल करणारी यंत्रणा. एवढं सगळं असून ती गाडी पाण्याच्या टाकीच्या उतारावर पुढचं चाक अडकून कोलांटली होती आणि थोरला जागच्या जागी गेला होता.

तिकडे ती तशीच सडून गेली असती तर धाकट्याची काही तक्रार नव्हती. पण एका सोमवारी सकाळी वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागे पुतणी होती.

“भाऊजी, हिला नोकरी लागलीय. टेकडीपलीकडे. रोजचे तीस किलोमीटर,” वहिनी म्हणाली. “तिला बापाचीच गाडी हवीय. मला विचाराल तर भंगारात घाला.”

“आई!”

“का गं? खोटं बोलले? साऱ्या जगाचे ब्रेक नीट करत फिरला आणि स्वतःचं पेडल धड लावता आलं नाही त्याला. घरात बायको आहे, पोरगी आहे, याचं भान नको? मी त्याचा फोटोसुद्धा लावला नाही भिंतीला. लावणारही नाही.”

वहिनी हे असं तीन वर्षं बोलत होती. शेजारणींसमोर, नातेवाइकांसमोर, पोरीसमोर. धाकटा दर वेळी खाली मान घालायचा आणि हाताला काहीतरी काम शोधायचा. आत्ताही त्याने फडकं उचललं.

“करून देतो,” तो म्हणाला. “आठ दिवसांत.”

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगीच नाही. पेडल थोरल्याने लावलंच नव्हतं.

त्या दिवशी सकाळी पेडलचं काम धाकट्याकडे होतं. आदल्या दिवशी थोरल्याने एका गिऱ्हाइकासमोर त्याला झापलं होतं: एवढी वर्षं झाली, अजून तुला मोकळीक कळत नाही! ते त्याला झोंबलं होतं. घुश्शात त्याने नट आवळला, अंदाजाने रेघ ओढली आणि हात पुसले. थोरला हेल्मेट चढवता चढवता म्हणाला, “वायसर लावून पाहिलास?”

“पाहिला.”

बस. एका शब्दाचं खोटं. मग अपघाताची चौकशी करणारा साहेब आला, त्याने पेडल हाताने दाबून पाहिलं आणि विचारलं, हे इतकं घट्ट कुणी बसवलं? तेव्हा धाकटा म्हणाला, “गाडी त्याची, साहेब. त्यानेच बसवलं.” मेलेला माणूस थोडाच उठून सांगायला येणार होता! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ते हेच. आणि तीन वर्षं ते लोणी त्याच्या घशात अडकून बसलं होतं.

ताडपत्री काढून तो कामाला लागला. कामात मात्र त्याने कसूर केली नाही. पुढच्या चाकाला धरणारे नळे नवे, चाक नवं, दोन्ही डिस्क नव्या, पॅड नवे. पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना काढून, घासून, ग्रीस लावून बसवल्या. जुनं तेल काढलं. ते काळं पडलं होतं, काढ्यासारखं. नवं भरलं, तिन्ही तोंडांतून हवा काढली. एबीएसचा सेन्सर पुसला, तपासणीचं यंत्र जोडलं. एकही दोष नाही. शेवटी पेडलशी आला. थोरल्याचा वायसर त्या दिवसापासून दिसला नव्हता, म्हणून त्याने पत्र्याच्या पट्टीने फट मोजली. एक मिलिमीटर. नट आवळला, पिवळी रेघ ओढली. रेघ सरळ आली.

गुरुवारी दुपारी त्याने गाडी बाहेर काढली. गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. ब्रेक झकास. मग तो टाकीच्या उतारावर गेला. ब्रेकची खरी परीक्षा उतारावरच असते.

अर्ध्या उतारापर्यंत काही नाही. मग उजव्या हाताखालचा लिव्हर ताठ झाल्यासारखा वाटला. त्याने दाबलेला नव्हता. गाडी आपसूक जड झाली, जणू मागून कुणी धरून ठेवतंय. त्याने पेडलला नुसता पाय लावला मात्र, पुढचं चाक असं खाडकन पकडलं की तो पेट्रोलच्या टाकीवर आपटला. एबीएस खडखडलं, पण सोडून काही दिलं नाही. गाडी वेडीवाकडी होत, कशीबशी कडेला थांबली.

तो उतरला. पुढच्या डिस्कमधून धूर येत होता. त्याने गुडघ्यावर बसून पेडल हाताने दाबलं. आधी रिकामं, मग ब्रेक. अगदी हवं तसं. पिवळी रेघ जागच्या जागी, तडा नाही.

“पॅडला तेल लागलं असेल,” तो स्वतःशी म्हणाला. पॅडला तेल लागलं की ब्रेक असेच चावतात. दुकानात येऊन त्याने पॅड काढले. कोरडे ठणठणीत. तरी बदलले. डिस्क वाकडी असेल म्हणून डायल लावून फिरवली. काटा हलला नाही. सिलिंडर उघडला, परतीच्या भोकातून बारीक तार घातली, आरपार गेली. ब्रेकतेलाच्या नळ्यासुद्धा त्याने बदलल्या, आतून फुगल्या असतील म्हणून. संध्याकाळपर्यंत त्या गाडीवर जुनं म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं.

शुक्रवारी पुन्हा उतार. पुन्हा तेच, तिथेच.

या वेळी त्याने उतरायची घाई केली नाही. गाडी थांबली तशी बसल्या बसल्याच पायाने पेडल चाचपलं. पेडल हललं नाही. रिकामं जाणं नाहीच. पायाच्या बोटांखाली थेट दगड. तो उतरला, हाताने दाबलं. सैल. पुन्हा बसला. दगड. पाच वेळा बसला आणि पाच वेळा उतरला. बाजूने एक बाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती, ती थांबून बघत राहिली, मग जरा लांबून वळसा घालून गेली.

वजनाने फट बुजते म्हणावं, तर पेडल आणि सिलिंडर दोन्ही एकाच लोखंडावर बसवलेले. माणूस बसो की हत्ती, फट तेवढीच राहणार. तरी दुकानात येऊन त्याने शेजारच्या वेल्डरला हाक मारली. वेल्डर त्याच्याहून वीस किलोने जड.

“उतारावरून जाऊन ये जरा. काय वाटतं सांग.”

वेल्डर गेला आणि शीळ घालत परत आला. “लोण्यासारखा ब्रेक आहे रे! उगीच काय मला बनवतोस? थोरल्याच्या हाताखाली शिकलेला तू. भावाचं नाव राखलंस बघ.”

धाकट्याला ते शेवटचं वाक्य कानाखाली मारल्यासारखं लागलं. त्याने शटर अर्धं ओढलं आणि बाकावर बसून राहिला. हा दोष त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. तसं घट्ट पेडल त्याने आयुष्यात एकदाच बसवलं होतं. आणि ते कुणी बसवलं, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातला एक गेला होता.

मग त्याने विचार केला, तो त्याच्या स्वभावाला धरूनच होता. गाडी वेल्डरला चालते. पुतणीलाही चालेल. मलाच तेवढी चालत नाही ना? मग मी बसणारच नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

शनिवारी पुतणी येऊन गाडी फिरवून गेली. उतारावरूनच गेली आणि उतारावरूनच आली. “काका, काय सुंदर थांबते हो!” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. धाकट्याने सुटकेचा श्वास सोडला. ताबा सोमवारी द्यायचा ठरला.

सोमवारी सकाळी दोघी आल्या. पुतणीने नवं हेल्मेट आणलं होतं. वहिनीने गाडीला एक फेरी घातली, हात मात्र कुठेही लावला नाही.

“झाली?”

“झाली, वहिनी. सगळं नवं घातलंय.”

“तिने परवा एकटीने चालवली. ते मी धरत नाही.” वहिनीने सीटकडे बोट दाखवलं. “भाऊजी, तुम्ही मागे बसा. तिला चालवू द्या. टाकीच्या उतारावरून खाली जा आणि वर या. तुमच्या कामावर तुमचा भरवसा असेल, तर माझा बसेल.”

“त्याची काय गरज आहे? ती चालवतेच की छान.”

“बसा की काका,” पुतणी हसत म्हणाली. “घाबरता की काय मला?”

“पाठ दुखतेय माझी.”

“शनिवारी गॅसचा सिलिंडर उचलून वेल्डरला दिलात तुम्ही. मी जाता-जाता बघितलं,” वहिनी म्हणाली. “पाठीला काही झालेलं नाही. बसत का नाही?”

पुतणी गाडीवर बसलीच होती. दोन्ही हात लिव्हरवर, हेल्मेटचा पट्टा घट्ट. तिच्या मागे जाऊन बसायचं आणि उतारावर जायचं. नाही म्हणावं तर का, ते सांगावं लागणार. हो म्हणावं तर पुढे बसलेली पोर कोवळी होती.

वहिनीने पर्स उघडली. “थांबा. आधी हा लावून दाखवा. तो दाखवायचा तसा.”

तिच्या तळहातावर पितळी वायसर होता. दोऱ्यासकट.

धाकटा एक पाऊल मागे सरला. “हा कुठे मिळाला तुम्हाला?”

“दवाखान्यातून त्याचे कपडे आले त्यात. शर्टाच्या खिशात होता. का?”

“कधीपासून होता खिशात?”

“आदल्या संध्याकाळपासून. धुवायला शर्ट घेतला तेव्हा निघाला. सकाळी मीच त्याच्या नव्या शर्टाच्या खिशात घातला, दुकानात न्यायला विसरू नका म्हणून सांगितलं. असं काय बघताय?”

धाकट्याने खिळ्याकडे पाहिलं. त्या सकाळी तो खिळा रिकामा होता. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. ‘वायसर लावून पाहिलास?’ असं थोरल्याने विचारलं, तेव्हा वायसर थोरल्याच्याच खिशात होता, दोघांच्या मध्ये हातभर अंतरावर. ‘पाहिला’ हे उत्तर खोटं आहे, हे ते कानावर पडलं त्याच क्षणी थोरल्याला कळलं होतं.

कळूनही त्याने किल्ली फिरवली. काही बोलला नाही. पुढे कुठे थांबून स्वतः बघणार होता? की भाऊ मागून धावत येईल, खरं सांगेल, म्हणून वाट पाहत होता? गाडी गल्लीच्या टोकाला नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी होती, एवढं धाकट्याला आठवलं. तो तेव्हा हात धूत होता.

“लावा,” वहिनी म्हणाली.

तो खाली बसला. रबराची टोपी मागे सारून कड फटीत घातली. सळसळत गेली. पुतणी वर बसलेली, तरीही.

“आता तुम्ही बसा. दोरा मी धरते.”

तो उठला. फुटरेस्टवर पाय ठेवला. मागे बसला.

वहिनीने दोरा ओढला. वायसर निघेना. तिने जरा जोर लावला. मग दोन्ही हातांनी ओढला.

“उतरा.”

तो उतरला. वायसर टणकन फरशीवर पडला.

“बसा.”

पुन्हा तेच. पुतणीने मान वळवून खाली पाहिलं आणि ती गाडीवरून उतरून बाजूला झाली. शेजारी वेल्डरचं यंत्र चालू होतं, ते नेमकं तेव्हाच थांबलं.

“भाऊजी, तुम्ही बसलात की अडतंय,” वहिनी हळू म्हणाली. “का?”

तेव्हा त्याने सांगितलं. भिंतीकडे तोंड करून सांगितलं, पण सगळं सांगितलं. घुस्सा, नट, अंदाजाची रेघ, तो एक शब्द. साहेबाला काय म्हणाला तेही.

“मी मारलं त्याला, वहिनी. आणि वर नाव त्याचंच घातलं. मला क्षमा करा.”

वहिनीचा आवाज आला तो फाटलेला.

“तीन वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या. पोरीला सांगितलं, तुझा बाप बेफिकीर होता. सकाळ-संध्याकाळ सांगितलं. तुम्ही तिथे बसून ऐकत होता. चहा पीत ऐकत होता.”

पुतणी रडत होती. धाकटाही रडत होता. खरं सांगायचं तर त्याला हलकं वाटत होतं. सांगून टाकलं, संपलं, असं वाटत होतं. त्याने डोळे पुसले आणि आपणहून गाडीवर जाऊन बसला.

“आता ओढा, वहिनी,” तो म्हणाला. “आता निघेल.”

वहिनीने दोरा ओढला.

निघाला नाही.

तिने दोरा बोटाला गुंडाळून ओढला. दोरा तुटला. वायसर फटीत तसाच, दातात धरल्यासारखा.

“उतर खाली,” वहिनी म्हणाली. आजवर तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

तो उतरला. वायसर पडला, फरशीवर गरगर फिरला आणि आडवा झाला. वहिनीने तो उचलला, खिळ्यावर अडकवला. मग पोरीच्या मागे बसली आणि दोघी गेल्या. गल्लीच्या टोकाला गाडीचा मागचा दिवा लागला, छान अलगद, आणि गाडी उताराकडे वळली.

दुपारी एक गिऱ्हाईक साधी गाडी सोडून गेलं. ना जोड-ब्रेक, ना एबीएस. मागच्या ब्रेकचं पेडल जरा बघा, एवढंच म्हणालं. धाकट्याने फट मोजली, नट आवळला, रेघ ओढली. आता एक फेरी मारून बघायची.

त्याने खिळ्यावरून वायसर काढला, फटीत घातला. सळसळत गेला. तसाच राहू दिला.

मग तो सीटवर बसला, खाली वाकला आणि दोन बोटांत वायसरची कड धरली.